चार बोटं खोल

परसात कुदळ मारायची परवानगी मला लग्नानंतर बाराव्या वर्षी मिळाली, आणि तीही मामंजींच्या मांडीचं हाड मोडलं म्हणून. हिवाळा सरता सरता मागच्या पायरीवरच्या बर्फावरून ते घसरले. हाडात सळई घातली, दीड महिना अंथरुणात गेला, आणि मग वॉकर धरून खोली ते न्हाणी एवढीच त्यांची धाव उरली. तोवर परस म्हणजे त्यांचं एकट्याचं राज्य होतं. तण मी काढायचं, झारीनं पाणी मी घालायचं, शेंगा मी तोडायच्या. पेरणी मात्र ते एकटेच करत, आणि तेव्हा वाफ्याजवळ कुणी फिरकलेलंही त्यांना खपत नसे.

ते उठून बसायला लागले त्या शनिवारी भाऊजींनी विषय काढला. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. वेल्डिंगचं काम करतात. हात चांगला आहे, पण डोक्यावर छप्पर नाही. फाटकाशी ताडपत्री बांधून तिच्याखाली गेटं आणि जाळ्या जोडत बसतात, आणि पाऊस आला की मशीन उचलून घरात पळतात.

"अण्णा, आता परस कोण करणार?" ते जेवता जेवता म्हणाले. "मला तिथे शेड टाकू द्या. खाली कोबा करतो, वर पत्रे."

मामंजींनी तोंड उघडायच्या आत मी बोलून गेले, "मी करीन."

आमचे हे दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर आहेत. शनिवारी येतात, सोमवारी जातात. त्यांनी घास हातात तसाच धरला आणि माझ्याकडे बघत राहिले.

"तू?" मामंजी म्हणाले.

"हो."

"लाँड्री सांभाळून?"

"लाँड्री एक वाजता सुटते."

मामंजींनी पाण्याचा पेला रिकामा केला. "ठीक. एक हंगाम देतो. बरणीभर वाटाणा घरात आला तर परस सूनबाईचं. नाही आला तर धाकट्यानं शेड टाकावी. मग कुणी रडत बसायचं नाही."

वाटाणाच का, तर हिवाळाभर आमच्याकडे वाळवलेला वाटाणा शिजतो. स्वयंपाकघरातली मोठी बरणी कुठवर भरली त्यावरून मामंजी वर्ष कसं गेलं ते ठरवतात. कोबी, गाजर, मुळा यांना ते भाजी म्हणतात. पीक म्हणतात ते फक्त वाटाण्याला.

आणि मला परस का हवं होतं? मी लाँड्रीत इस्त्री करते. सकाळी सातपासून वाफेत उभी. पन्नास चादरी कडक करून रचल्या, की आठवड्यानं त्याच चादरी चोळामोळा होऊन परत माझ्या पुढ्यात. घरी आलं की तेच. भांडी घासली की खरकटी, लादी पुसली की पावलं. मी केलेलं काही म्हणून दुसऱ्या दिवशी जागेवर नसतं. परसात मात्र आज रोवलेली काठी महिन्यानंही तिथेच असते, आणि तिच्यावर काहीतरी चढलेलं असतं. मला एवढंच हवं होतं. सकाळी वाफ आणि दुपारी वाफा, असं मी यांना हसत हसत सांगितलं. हे हसले नाहीत. "झेपेल ते कर," म्हणाले.

आमच्या डोंगरातल्या या उंचीवर उन्हाळा म्हणजे पाहुणाच. माती कुदळीला वाट द्यायला लागली की तिथून दव गोठायला लागेपर्यंत नव्वद दिवस. पंचाण्णव मिळाले तर चैन. या नव्वदातले दोन-चार दिवस जरी वाया गेले तरी माणूस चुटपुटत राहतो. खालच्या अंगाची गावं दोनदा पेरतात म्हणे. आम्हाला एकदाच.

मी तीन दुपारी खणत होते. माती चिकण, हिवाळाभर दाबून बसलेली. फावड्याला चिकटली की सुटायची नाही, दर चार घावांनी पातं पायरीवर खरवडायला लागायचं. पाण्यात भिजवलेल्या चादरीसारखी जड ढेकळं उचलून उचलून माझे दंड रात्रभर ठणकत. दुसऱ्या दिवशी इस्त्री उचलताना मनगट थरथरायचं आणि लाँड्रीच्या मालकीणबाई चष्म्यावरून बघायच्या.

चौथ्या दिवशी पेरणी. मामंजींची खुर्ची मी आणि भाऊजींनी मागच्या पायरीवर आणून ठेवली. अंगावर शाल, पायावर घोंगडी, आणि उजवा हात नेहमीप्रमाणे शालीखाली. त्या हाताबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही. मामंजी पूर्वी लाकडाच्या वखारीत मुकादम होते तिथल्या करवतीत तो हात गेला तेव्हा वखार सुटली आणि ते परसाला लागले, एवढं मला लग्न ठरताना कळलं. त्यानंतर जी चुप्पी, ती चुप्पी. फोटोत तो हात खिशात असतो. जेवताना ते डाव्या हातानं जेवतात आणि आम्ही ताटात बघतो. परक्या माणसासमोर तो हात कधीच बाहेर येत नाही.

"दोरी ताणलीस का?" ते वीस पावलांवरून ओरडले.

"ताणली."

"सरी काढ. सरळ. वाकडी काढशील तर पाणी एका बाजूला जाईल."

मी खुरप्यानं सरी काढत गेले. "किती खोल, मामंजी?"

"चार बोटं."

"चार?"

"बहिरी आहेस का? चार बोटं. चाळीस वर्षं पेरतोय. हात आडवा घालून बघायचा, वरचं बोट जमिनीच्या बरोबरीला आलं पाहिजे. मग बी टाकायचं."

मी हात आडवा घातला. चारी बोटं आत, वरचं बोट जमिनीच्या बरोबरीला. हातभर गेलं की पुन्हा हात घालायचा, पुन्हा बघायचं. बोटं गारठून लाल झाली, नखांत माती बसली. अशा सहा सऱ्या. मला वाटलं, इतकं काटेकोर पेरलेलं बघून ते निदान हूं तरी म्हणतील. ते म्हणाले, "दंताळं जागेवर ठेव."

मुळा आणि गाजर मी नुसतं वरून विस्कटलं आणि दंताळं फिरवलं. ते आठव्या-नवव्या दिवशी हिरवं दिसायला लागलं. वाटाण्याचे वाफे मात्र कोरेच. बारा दिवस झाले, चौदा झाले. मधे तीन दिवस गार पाऊस लागला आणि माती अंगावर ओलं कापड असावं तशी दिसायला लागली. लाँड्रीतून आले की चपला न काढताच मी मागच्या दारी जायची. वाकून वाकून बघायची. मातीला भेग दिसली की मी धावायची, आणि जवळ जाऊन बघावं तर गांडूळ.

कुंपणापलीकडे पोस्टातल्या काकू राहतात. नवरा पोस्टात होता, तो जाऊन दहा वर्षं झाली, पण नाव तेच. त्यांचा वाटाणा दोन-दोन पानांवर आला होता.

"तुमचा झोपलाय वाटतं अजून," त्या कुंपणावर कोपरं टेकून म्हणाल्या.

"येईल."

"उशिरा पेरलात का गं?"

"एकाच दिवशी पेरलं आपण, काकू. तुम्हीच हाक मारली होतीत."

"हो का? मग काय झालं असेल बाई." आणि त्या आपल्या वाटाण्याकडे अशा मायेनं बघायला लागल्या, की मला घरात जावंसं वाटलं.

भाऊजी वाईट माणूस नाहीत. पण त्यांनी एका सकाळी मोजायची टेप काढली आणि कुंपणापासून भिंतीपर्यंत धरली. मला बघून टेप सर्रकन आत गेली. "नुसतं बघत होतो, वहिनी," ते म्हणाले.

सोळाव्या दिवशी मामंजी स्वतःहून म्हणाले, मला वाफ्यापर्यंत ने. वॉकर चिखलात रुतत होता. एक हात त्यांच्या काखेत घालून मी वीस पावलांना पाव तास घेतला. कडेला तिवई ठेवली, तिच्यावर ते बसले आणि धापा टाकत वाफ्याकडे बघत राहिले.

"सरी कशी काढलीस ते दाखव. इथे, बाजूला."

मी खुरप्यानं हातभर सरी काढली. माझा हात घालून बघितला, बरोबर होती. "ही बघा. चार बोटं."

मामंजींनी मागे वळून घराकडे बघितलं. भाऊजी कामावर होते, काकूंचं दार बंद होतं. मग त्यांनी शालीतून उजवा हात काढला. बारा वर्षांत दिवसाउजेडी मी तो पहिल्यांदा बघत होते. तर्जनी आणि मधलं बोट धड होतं. पुढची दोन नव्हतीच, आणि त्यांच्याखालचा तळवाही करवतीनं तिरका उतरवला होता. कातडी तिथे गुळगुळीत आणि गुलाबी होती. मी पटकन नजर खाली वळवली, घरची सवय. हात त्यांनी सरीत आडवा घातला, घातला तो काढलाच नाही. किती वेळ तसेच बसले होते.

"काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी हात काढला, शालीला पुसला आणि आत घेतला. "काही नाही. माती थंड आहे. येईल."

"एखादं उकरून बघू का?"

"अजिबात नाही!" ते इतक्या जोरात ओरडले की त्यांनाच खोकला आला. "बी उघडं पाडलंस की गेलं. थांब म्हणतो ना. पेरणाऱ्याला धीर पाहिजे. चल, मला आत ने."

मी थांबले. त्यांच्या शब्दावर अकरा दिवस थांबले. आजही ते अकरा दिवस आठवले की डोक्याची शीर ताडताड उडते. ऊन चांगलं पडलं होतं त्या दिवसांत. वर्षातलं सगळ्यात कामाचं ऊन, आणि ते माझ्या मोकळ्या मातीवर पडून संध्याकाळी निघून जायचं. कोबीची रोपं लावली, बटाट्याला भर दिली, काठ्या तासून ठेवल्या. चढायला काही नाही आणि काठ्या तय्यार. काकूंचा वाटाणा वीतभर झाला. त्या आता विचारायच्याही बंद झाल्या, आणि ते जास्त झोंबायचं.

सत्ताविसाव्या दिवशी मामंजी दुपारचे झोपले असताना मी खुरपं घेतलं आणि उकरलं. आधी वास आला. सालासकट मऊ झालेला दाणा बोटाला लागला आणि चेपला. दुसरा तसाच. तिसरा. पाणी धरून बसलेल्या चिकणमातीच्या पोटात सगळा वाटाणा सडला होता. शेवटच्या सरीत एका दाण्याला कोंब फुटलेला सापडला. पांढरा, वाकडातिकडा, कुठे उजेड आहे ते शोधत वर आलेला. वर पोचायला दोन बोटं कमी पडली आणि तो तिथेच मेला.

दोन बोटं. मी गुडघ्यावर होते ती तशीच मागे चिखलात बसले. मामंजी सरीत हात आडवा घालतात. करवतीनंतर त्या हाताची दोनच बोटं सरीत जातात, आणि वरचं बोट जमिनीच्या बरोबरीला आलं की ते म्हणतात, चार बोटं. इतकी वर्षं ते दोन बोटं खोल पेरत होते आणि चार म्हणत होते. दुसरं कुणी त्या वाफ्यात कधी पेरलंच नव्हतं, मग कुणाला कळणार?

मला आधी हसू आलं. खरंच आलं, एकटीला, चिखलात बसून. मग रडू आलं. मग मनात आलं, त्यांना त्या दिवशी कळलं असेल का? हात घालून बसले होते तेव्हा? पण मी स्वतःलाच समजावलं. इतक्या वर्षांची सवय, म्हाताऱ्या माणसाच्या कसं लक्षात येणार. कळलं असतं तर थांब कशाला म्हणाले असते? मी त्यांना माफ करून टाकलं, आणि मनाला जरा बरं वाटलं.

राहिलेलं बी एका छोट्या डब्यात त्यांच्या उशाशी असायचं. मी खोलीत गेले. "मामंजी, पेर कुजली. पुन्हा पेरते. बी द्या."

ते जागे होते. त्यांनी डबा पुढे केला. मागितल्याबरोबर त्यांनी मला काही दिल्याचं आठवत नाही, पण तेव्हा माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी त्याच दुपारी दोन बोटं खोल पेरलं. बी चारच सऱ्यांना पुरलं.

रविवारी यांना सगळं सांगितलं. हे टँकरचा पाना पुसत होते.

"अण्णांना बोललीस?"

"नाही."

"बोलू नकोस. जिव्हारी लागेल त्यांच्या. हाताचा विषय काढायचा नाही, माहीत आहे ना तुला?"

"आणि माझं? सगळे म्हणणार मी कुजवली."

"अगं, म्हणू देत. तू पेरलंस ना पुन्हा? झालं तर."

झालं तर! हे सोमवारी टँकर घेऊन गेले, आणि मला मामंजींबरोबर घरात ठेवून गेले.

वाटाणा नवव्या दिवशी उगवला. चार ओळी, एकही खाडा नाही. मी मागच्या दारातून ओरडले, "आला!" आतून आवाज आला, "उशीर झाला."

दर मंगळवारी मामंजींच्या पायाचा व्यायाम करून घ्यायला दवाखान्यातला कंपाउंडर यायचा. पाय उचलता उचलता त्यानं मागच्या खिडकीतून परसात बघितलं. "वा, वाटाणा छान दिसतोय."

"दुसरी पेर आहे," मामंजी म्हणाले. "पहिली सूनबाईनं कुजवली. खोल घातली."

मी दारात चहा घेऊन उभी होते. कंपाउंडर माझ्याकडे बघून समजूतदार हसला. "होतं असं सुरुवातीला," म्हणाला. मी कप ठेवला आणि मागे जाऊन एवढं तण उपटलं की त्याबरोबर चार गाजरंही आली. पोस्टातल्या काकूंना त्यांनी तेच सांगितलं, दूधवाल्याला तेच सांगितलं. येईल त्याच्यासमोर माझ्याकडे बोट. दुसरी कुणी असती तर तिनं बोटं मोडली असती, पण आमच्या घरात बोटांचं नावही काढायचं नाही. माझ्या तोंडाशी येऊन परत गेलेलं ते वाक्य मी महिनाभर गिळत होते. तुमची दोन, माझी चार. एवढंच तर होतं वाक्य.

मग मी स्वतःला कामाला जुंपलं. रोपांच्या बुडाशी वाळलेलं गवत पसरलं, म्हणजे मातीतली ऊब टिकावी. पाणी सकाळचं भरून उन्हात तापवून दुपारी घालायची. वाटाण्याचे ताणे काठ्या सोडून भलतीकडे जायला लागले तसं भाऊजींनी उरल्यासुरल्या सळयांची एक शिडीसारखी जाळी जोडून दिली. "हरलात तर ही परत माझी, वहिनी," ते म्हणाले. त्यांनी ती रोवूनही दिली. दोघांना एकच जागा हवी होती, पण आम्ही एकमेकांशी वाईट वागलो नाही. मला राग यायचा तो मामंजींच्या खोलीतल्या मागच्या खिडकीचा.

फुलं आली तेव्हा उन्हं तिरकी झाली होती. पांढरी फुलं, मग नखाएवढ्या शेंगा, मग बोटाएवढ्या, पण चपट्या. उजेडासमोर धरली की आत दाण्यांचे नुसते ठिपके दिसायचे. मी रोज एक शेंग चिमटीत धरून बघायची. आणखी दहा दिवस. आणखी नऊ. काकूंनी त्यांचा वाटाणा तोडून, सोलून, ओट्यावर वाळतही घातला होता.

पहिल्या पेरणीपासून अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी दुपारीच आभाळ लख्ख झालं आणि वारा पडला. इथल्या माणसाला ते बघून कळतं, रात्री दव गोठणार. मी घरातली प्रत्येक चादर काढली. माझ्या अंथरुणातली, कपाटातली, मामंजींच्या पायावरचं घोंगडंसुद्धा. भाऊजी मशीन बंद करून आले आणि दुसरं टोक धरलं. ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत आम्ही चारी ओळी झाकून कडेला विटा ठेवल्या. मामंजी खिडकीतून बघत होते. सगळ्यांना ओरडून सांगणाऱ्या माणसानं त्या दिवशी एक सूचना केली नाही.

सकाळी चादरी ताठ झाल्या होत्या, मी आयुष्यात इतकी कडक इस्त्री केली नव्हती. उचलल्या तशा करकरल्या. खालची पानं जागच्या जागी होती. फुलं तपकिरी पडली होती, आणि शेंगा पांढुरक्या, काचेसारख्या. ऊन लागल्यावर त्या मऊ पडल्या आणि लोंबायला लागल्या. मी शेंग दाबली तर पाणी आलं. जाळीच्या आतल्या बाजूच्या, भिंतीलगतच्या काही तेवढ्या वाचल्या. सगळ्या मिळून ताटभर दाणे निघाले. त्यांतले वाळवण्याजोगे मूठभर. आणखी आठवडा मिळाला असता तर बरणी भरली असती. मी उशिरानं लाँड्रीत गेले आणि पन्नास चादरी कडक केल्या.

रविवारी आम्ही सगळे मागच्या पायरीवर होतो. मामंजी खुर्चीत, हे पायरीवर, भाऊजी उभे. लोखंडी पाइप भाऊजींनी भिंतीला टेकवून ठेवले होते, पण ते स्वतः त्यांच्याकडे बघत नव्हते.

"वहिनींनी कष्ट केले, अण्णा. खोटं कशाला बोलू," ते म्हणाले. "पण ठरलं होतं ते ठरलं होतं."

"ठरलं होतं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "टाका शेड. माझं काही म्हणणं नाही."

हे मान खाली घालून चपलेनं माती उकरत होते.

मामंजींनी शाल बाजूला केली आणि उजवा हात काढून मांडीवर ठेवला. सगळ्यांसमोर, उन्हात. भाऊजींनी झटकन तोंड फिरवलं. ह्यांनीही.

"इकडे बघा," मामंजी म्हणाले. "बघा म्हणतो ना. ही माझी चार बोटं. मी हिला चार म्हणालो, हिनं चार घातली. हिनं बरोबर पेरलं. चूक माझी आहे."

त्यांनी तो हात झाकला नाही.

"शेड पुढच्या बाजूला टाक," ते भाऊजींना म्हणाले. "माझ्या खोलीच्या पुढच्या खिडकीसमोर."

"अण्णा, तुमचं ऊन जाईल. आणि दिवसभर तो खणखणाट…"

"जाऊ दे. परस सूनबाईचं."

हे उठून माझ्याजवळ आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आता मीही रडावं, वाकावं, काहीतरी करावं, असं सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती.

"मामंजी, तुम्हाला हे कधी कळलं?"

ते शालीची दशी ओढत राहिले.

"मी पुन्हा पेरल्यावर? का कंपाउंडरला सांगत होतात तेव्हा?"

"त्या दिवशी," ते म्हणाले. "सरीत हात घातला तेव्हाच."

"तेव्हाच."

"हो."

"आणि मला म्हणालात थांब."

"तोंडातून निघेना, सूनबाई. उद्या सांगू म्हणालो. मग परवा सांगू म्हणालो."

"अकरा दिवस, मामंजी." मी ओरडत नव्हते. "मला एक आठवडा कमी पडला. तुमच्याकडे माझे अकरा दिवस होते."

"अगं," हे मला अडवायला गेले, "त्यांनी कबूल केलं ना आता? परस मिळालं ना तुला?"

"मिळालं. हो." मी मामंजींच्या समोर जाऊन उभी राहिले, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा त्या हाताकडे नीट, नजर न वळवता बघितलं. मला त्याची कीव आली नाही, किळसही आली नाही. तो एक हात होता. "पण ऐका. पुढच्या वर्षी खुर्ची मागच्या पायरीवर यायची नाही. काय पेरायचं, कधी, किती खोल, ते मी बघीन. तुम्ही सांगायचं नाही."

भाऊजींनी श्वास आत ओढलेला मला ऐकू आला. मामंजींचा चेहरा लाल झाला, मग उतरला. त्यांनी वाफ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आणि तू विचारलंस तर?"

"मी विचारणार नाही."

ते म्हणाले, "बरं."

आमच्या घरात हा शब्द आजवर मीच वापरत आले होते. त्यांना तो नीट म्हणता आला नाही. मी फावडं उचललं आणि करपलेले वेल उपटायला गेले, कारण चार दिवसांत माती गोठणार होती आणि नंतर ती खणता आली नसती.